मुळशी खोऱ्यातील हिशेब : कर्जखतापासून वित्तशास्त्राच्या पदवीपर्यंत

पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चांदणी चौक, भूगाव आणि भुकूम मागे पडल्यावर, पिरंगुट आणि पौड यांच्या दरम्यान कासार आंबोली हे मुळशी तालुक्यातील गाव लागते. हा मुलूख मूळचा भाताचा. आंबेमोहराच्या वासासाठी त्याची ख्याती, आणि डोंगरउतारावरच्या तुटपुंज्या जमिनीमुळे मुंबईची वाट धरणाऱ्या माणसांचाही हाच मुलूख. गेल्या काही दशकांत पिरंगुटच्या परिसरात कारखाने उभे राहिले, पाठोपाठ शिक्षणसंस्था आल्या, आणि लवळ्यासारख्या शेजारच्या गावांच्या टेकड्यांवर व्यवस्थापन व वित्तशास्त्र शिकवणारी निवासी संकुले उभारली गेली. वित्तशास्त्र म्हणजे पैसा कोठून उभा करावा, कोठे गुंतवावा, त्यातील जोखीम कशी मोजावी आणि तिची किंमत कोणी द्यावी, याचा पद्धतशीर अभ्यास. या अभ्यासाची पदवी घेऊन दरवर्षी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या कर्तृत्वाची यादी आता ठरल्यासारखी झाली आहे : परीक्षेतील श्रेणी, एखाद्या बँकेतील किंवा गुंतवणूक संस्थेतील उन्हाळी प्रशिक्षण, नोकरभरतीसाठी कंपन्यांशी बोलणी करणाऱ्या विद्यार्थी समितीतील पद, गुंतवणूक मंडळाचे नेतृत्व, आणि पुढे पतमानांकन, म्युच्युअल फंड किंवा बँकिंग यांपैकी एका क्षेत्रात जाण्याचा बेत. ही यादी कष्टाने मिळवलेली असते आणि तिचा अभिमान रास्त आहे. मात्र ज्या खोऱ्यात ती तयार होते, त्या खोऱ्याचा हिशेबाशी असलेला संबंध फार जुना आणि कडवट आहे, आणि त्या इतिहासाशिवाय या पदवीचे खरे मोल कळत नाही.

एकोणिसाव्या शतकात पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्याला वित्तव्यवहार भेटत असे तो कर्जखताच्या रूपाने. कर्जखत म्हणजे घेतलेली रक्कम, व्याजाचा दर आणि फेडीची मुदत नोंदवणारा दस्त. तो बहुधा मोडी लिपीत लिहिलेला असे; खाली साक्षीदारांची नावे असत आणि ऋणको निरक्षर असेल तर सहीऐवजी त्याची निशाणी असे. नांगराची निशाणी करणाऱ्या कुणब्याला वर काय लिहिले आहे ते वाचता येत नसे. रोजच्या देवघेवीची नोंद असलेली कीर्द आणि प्रत्येक खातेदाराचा वेगळा हिशेब दाखवणारी खतावणी, या दोन्ही वह्या सावकाराच्या दुकानात राहत. फेडलेल्या पैशाची पावती मिळेलच असे नसे. कज्जा कोर्टात गेला, तर मात्र कोर्टासमोर पुरावा म्हणून येई तो हाच दस्त आणि ह्याच वह्या.

इंग्रजी कायद्याने या व्यवहाराला एक नवे वळण दिले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षे ठरवली. ऋणकोचे संरक्षण व्हावे हा त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी जुने खत फाडून व्याजासह नवे खत लिहून घेण्याची रीत त्यामुळे पक्की झाली. दरमहा दर शेकडा २ रुपये, म्हणजे वर्षाला २४ टक्के दराने १०० रुपयांचे कर्ज घेतले असे धरले, तर तीन वर्षांचे सरळ व्याज ७२ रुपये होते आणि नवे खत १७२ रुपयांचे लिहिले जाते. आणखी तीन वर्षांनी हाच आकडा सुमारे २९६ रुपये होतो आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस जवळजवळ ५०९ रुपयांवर जातो. मध्यंतरी शेतकऱ्याच्या हाती एक नवा पैसाही आलेला नसतो. व्याजाचे मुद्दलात रूपांतर करून त्यावर पुन्हा व्याज आकारणे म्हणजे चक्रवाढ. वित्तशास्त्राच्या पहिल्या सत्रात शिकवले जाणारे हे सूत्र दख्खनच्या शेतकऱ्याने कोऱ्या पाटीवर कधी मांडले नव्हते, पण त्याच्या जमिनीवर ते पिढ्यान्‌पिढ्या मांडले गेले होते.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० नंतर कापसाला चढा भाव मिळाला, तेव्हा कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपून भाव कोसळले, त्यातच सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी केली, आणि सावकारांनी हात आखडता घेऊन जुन्या येण्यासाठी एकतर्फी हुकूमनाम्यांची वाट धरली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या दंग्यांचे एक वैशिष्ट्य इतिहासकारांनी आवर्जून नोंदवले आहे : जमावाचा रोख सावकाराच्या जिवावर क्वचितच होता, तो त्याच्याकडील कागदांवर होता. खते हवाली केली की बहुतेक ठिकाणी दंगा शमे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी आपल्या गुलामीचे साधन नेमके ओळखले होते, आणि ते वाचता येत नसल्यामुळे ते जाळण्यापलीकडे त्यांच्या हाती उपाय नव्हता.

या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत कोर्टाने केवळ खतावर विसंबू नये, व्यवहाराचा पूर्वेतिहास सुरुवातीपासून तपासावा, खते ग्रामनिबंधकासमोर लिहिली जावीत आणि कर्जापायी शेतकऱ्याला अटक होऊ नये, अशा तरतुदी त्यात होत्या. कायदा मोलाचा होता, पण त्याने पतपुरवठ्याची दुसरी सोय केली नाही. सावकार गहाणाऐवजी खरेदीखत मागू लागले. नाव विक्रीचे, व्यवहार कर्जाचा, आणि पैसा फिटला तर जमीन परत करण्याचे वचन तोंडी. जमिनीचे नाव कागदावर बदलले, कसणारा तोच राहिला आणि स्वतःच्याच वावरात खंड भरणारे कूळ झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि सर विल्यम वेडरबर्न यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली. हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली आणि लंडनमधील भारतमंत्र्याने ती फेटाळली. सहकारी पतसंस्थांचा कायदा येण्यासाठी १९०४ साल उजाडावे लागले. मधली वीस वर्षे शेतकऱ्याला महाग पडली, असेच म्हणावे लागते.

याच काळातील एक धागा थेट कासार आंबोलीपर्यंत येतो. वासुदेव बळवंत फडके हे पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. दुष्काळात होरपळलेला मुलूख पाहून त्यांनी १८७९ साली रामोशी आणि इतर साथीदारांसह बंड उभारले, आणि त्या बंडाच्या धाडी मुख्यतः सावकारांवर पडल्या. त्याच वर्षी जुलैत ते पकडले गेले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. दिवसभर सरकारचे आकडे जुळवणारा माणूस शेतकऱ्यावर लादलेल्या आकड्यांविरुद्ध उठला, ही घटना बंडाच्या रोमहर्षक कथेत झाकली जाते, पण तिच्याकडे मुद्दाम पाहायला हवे. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर फडक्यांचे नाव ज्या शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांत घेतले जाते, ती पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने वाढली. तिने पुण्यात कर्वे रस्त्यावर वाणिज्य महाविद्यालय चालवले, व्यवस्थापनाची संस्था काढली, आणि १९९७ साली कासार आंबोली येथे राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा सुरू केली. मुलींना सैनिकी शिस्तीचे निवासी शिक्षण देणाऱ्या देशातील आरंभीच्या शाळांत तिची गणना होते. वाणिज्य आणि कवायत एकाच संस्थेच्या छत्राखाली यावीत, याला तिच्या संस्थापकांच्या चरित्रातच आधार सापडतो.

मराठीत अर्थविचाराची परंपरा दुबळी होती असे मानणे चूक ठरेल. रामकृष्ण विश्वनाथ यांनी १८४३ मध्ये हिंदुस्थानच्या आर्थिक स्थितीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला; लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ मध्ये आले; कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ मध्ये. रानड्यांनी १८९२ साली पुण्यात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेले व्याख्यान आणि गोपाळ कृष्ण गोखले यांची १९०२ पासूनची अंदाजपत्रकावरील भाषणे ही तर या परंपरेची शिखरे होत. गोखले मूळचे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे शिक्षक. सरकारी जमाखर्चातील शिल्लक ही प्रजेवरील जादा कराची खूण आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून दाखवून दिले. उणीव होती ती दुसऱ्या टोकाला. देशाचा ताळेबंद वाचणारे विद्वान निर्माण झाले, परंतु दुकानाचा, बँकेचा आणि शेताचा ताळेबंद मांडणारे, तपासणारे आणि इतरांना समजावून सांगणारे शिक्षित लोक फार थोडे होते. ताळेबंद म्हणजे एखाद्या दिवशी संस्थेकडे काय आहे आणि तिला कोणाचे काय देणे आहे, याचे समोरासमोर मांडलेले पत्रक.

ही उणीव भरून काढण्याची सुरुवात मुंबईत झाली. १९१३ साली स्थापन झालेले सिडनहॅम महाविद्यालय हे आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते, आणि त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने कंपनीच्या हिशेबतपासनिसाकडे सरकारमान्य पात्रता असणे आवश्यक केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे अध्यापन केले. जमिनीच्या तुकडीकरणावरचा त्यांचा निबंध १९१८ सालचा आणि रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ चा. शेतीच्या तुकड्यापासून चलनाच्या विनिमय दरापर्यंत एकाच बुद्धीने विचार करणारा असा प्राध्यापक लाभणे हे त्या विद्यार्थ्यांचे भाग्य होते. पुण्यात वाणिज्य शिक्षणाला स्वतंत्र घर मिळायला आणखी तीन दशके लागली.

त्या तीन दशकांत मुळशीने मोठी किंमत मोजली. १९१९ साली स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीने मुंबईच्या विजेसाठी नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरवले, आणि सरकारने भूसंपादनाच्या कायद्याने खोऱ्यातील जमीन घेण्याचे पाऊल उचलले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते, आणि ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती. स्त्रियाही मोठ्या संख्येने त्यात उतरल्या. या लढ्याचा सविस्तर इतिहास राजेंद्र व्होरा यांनी लिहिला असून, धरणाविरुद्धचे जगातील पहिले आंदोलन असा त्याचा गौरव त्यांनी केला आहे. लढा का मोडला याचे उत्तर मात्र पुन्हा कागदावर येऊन थांबते. खोऱ्यातील पुष्कळशी जमीन कर्जव्यवहारांतून पुण्यातील सावकारांच्या नावावर गेलेली होती. कायद्याच्या दृष्टीने मालक तेच असल्यामुळे मोबदल्याची बोलणी करण्याचा हक्कही त्यांचाच, आणि त्यांना जमिनीपेक्षा वाढीव मोबदला अधिक सोयीचा होता. कसणाऱ्या मावळ्याला जमीन हवी होती, पण त्याच्या नावावर दाखवायला कागद नव्हता. सत्याग्रहाने तीन वर्षे तग धरला, बापटांना तुरुंगवास झाला, धरण पुरे झाले आणि १९२७ साली भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. १८७५ साली सुप्याला जे कागद जाळले गेले, तसल्याच कागदांनी अर्ध्या शतकाने मुळशीचा निकाल लावला.

मोबदला हा वित्तशास्त्राच्या भाषेत भविष्यातील उत्पन्नाची आज दिलेली किंमत असतो. दरवर्षी भात देणारे खाचर एकरकमी पैशात रूपांतरित होते, तेव्हा त्या रकमेतून तितकेच वार्षिक उत्पन्न कायम मिळत राहील की नाही, हा खरा प्रश्न असतो. हा प्रश्न विचारणारा आणि त्याचे उत्तर मावळ्याच्या भाषेत मांडून दाखवणारा जाणकार १९२१ च्या मुळशीत गावोगाव असता तर धरण टळले असते असे नव्हे, पण सौदा इतका एकतर्फी झाला नसता.

पुण्यातील अर्थशिक्षण यानंतर वेगाने उभे राहिले. १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची आणि खुद्द पुणे शहराची त्यांनी घडवून आणलेली पाहणी आजही आदर्श मानली जाते, आणि प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने त्यांनी घेतलेला भाग सर्वश्रुत आहे. प्राध्यापक वामन गोविंद काळे यांच्या पुढाकाराने १९३५ साली बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी झाली. १९४३ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने बृहन्महाराष्ट्र साखर सिंडिकेटच्या देणगीतून बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय सुरू केले. त्याचे पहिले प्राचार्य द. गो. कर्वे पुढे रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर झाले. त्याच वर्षी ताम्हिणीपलीकडच्या मुलखातील, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. या पिढीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात अध्यापक, बँक काढणारा आणि खेड्यात पाहणी करणारा ही बहुधा एकच माणसे असत.

विद्यार्थी नेतृत्वाचाही स्वतंत्र इतिहास आहे आणि तो सहसा लिहिला जात नाही. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाल्यानंतरच्या दशकांत महाविद्यालयातील पुढारीपण म्हणजे प्रामुख्याने निवडणूक : वर्ग प्रतिनिधी, महाविद्यालयाचा जनरल सेक्रेटरी म्हणजे ‘जीएस’, आणि विद्यापीठ प्रतिनिधी. त्याला जोड होती स्नेहसंमेलनाची, वक्तृत्व स्पर्धांची आणि १९६३ पासून पुरुषोत्तम करंडकासाठी रात्र रात्र चालणाऱ्या तालमींची. निवडणुकांत हिंसाचार शिरल्यामुळे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद करून गुणवत्तेवर नेमणुकीची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, तरी त्या प्रत्यक्षात लांबणीवर पडत राहिल्या, आणि अभिमत व खासगी विद्यापीठे या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. दरम्यान वेगळ्याच प्रकारचे नेतृत्व आकाराला आले. आजच्या व्यवस्थापन संकुलातील विद्यार्थी प्रतिनिधी मते मागत नाही. तो कंपन्यांना पत्रे लिहितो, महोत्सवाचे अंदाजपत्रक मांडतो, प्रायोजक मिळवतो, सहाध्यायांच्या मुलाखतींच्या वेळा जुळवतो आणि शेवटी जमाखर्च सादर करतो. या नेतृत्वात कार्यक्षमता आहे, शिस्त आहे, अपयशाची जबाबदारी अंगावर घेण्याची सवयही आहे. मतभेद असलेल्या माणसांना पटवण्याची, आपल्याहून वेगळ्या थरातील माणसाची गाऱ्हाणी ऐकून घेण्याची जी तालीम जुन्या निवडणुकीत आपोआप होई, ती मात्र यात होत नाही, आणि ही हानी लहान नाही.

संकुले शहराबाहेर का आली, याची कारणे गुंतागुंतीची नाहीत. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. १९९१ नंतर बँका, विमा आणि भांडवल बाजार खुला झाल्यामुळे वित्तशास्त्र शिकलेल्यांना मागणी आली. पुण्यात जागा उरली नव्हती आणि मुळशीत ती होती. शेतकऱ्याने ती गुंठ्याने विकली. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग. धरणाच्या वेळी सक्तीने झालेला व्यवहार या वेळी राजीखुशीने झाला आणि भावही चांगला मिळाला, पण एकरकमी पैशाचे पुढे काय करावे, हा जुना प्रश्न तसाच राहिला. त्याच तालुक्यात डोंगरात उभ्या राहिलेल्या लवासा नगरीच्या प्रकल्पाचे प्रकरण २०१८ साली दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे गेले. कर्ज, जमीन, पर्यावरण परवानगी आणि घर घेणाऱ्यांचे अडकलेले पैसे यांचा संबंध समजून घेण्यासाठी विद्यार्थ्याला परदेशातील उदाहरण शोधण्याची गरज नाही.

वित्तशास्त्राच्या पदवीधराने मुंबईला, बंगळूरला किंवा परदेशात जावे, मोठ्या संस्थेत काम करावे, भरपूर कमवावे, यात गैर काहीच नाही. चिंतामणरावही नात्याला थांबले नव्हते. प्रश्न त्याच्या दोन-तीन वर्षांच्या मुक्कामाचा आहे. संकुलाच्या भिंतीबाहेर गावोगावच्या पतसंस्थांचे ताळेबंद आहेत, भात उत्पादकांचे हिशेब आहेत, जमीन विकलेल्या कुटुंबांच्या मुदतठेवी आहेत आणि त्या कुटुंबांना गळ घालणाऱ्या दामदुपटीच्या योजनाही आहेत. गाडगिळांनी वाई तालुक्याची केली तशी मुळशी तालुक्याच्या कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी या संकुलांनी मिळून हाती घ्यावी. प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक गाव सोपवावे, निष्कर्ष मराठीत लिहून ग्रामसभेत वाचून दाखवावेत, आणि त्या कामाला उन्हाळी प्रशिक्षणाइतकेच गुण द्यावेत. पौड, पिरंगुट, लवळे आणि कासार आंबोली ही गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत. या कामासाठी नव्या कायद्याची, अनुदानाची किंवा इमारतीची गरज नाही. अभ्यासमंडळांनी एका बैठकीत ठराव करावा आणि येत्या जूनपासून तो अमलात आणावा.